सहीसाठी सहली

आमच्या गोव्यात थंडी पडत नाही, पडल्याचं नाटक होतं. तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्या दिवसापासून माणसं कानाला मफलर गुंडाळून पाव घेऊन येणाऱ्या पोदेराची वाट बघत दारात उभी राहतात, आणि घाम फुटला तरी मफलर काही सोडत नाहीत. मग सगळ्यांना फिरायचा उमाळा येतो. वर्षभर ज्यांनी आपल्याच गावचं तळं बघितलेलं नसतं, ते त्या तळ्याच्या काठावर जाऊन मोबाईलकडे बघून हसतात. तळ्याकडे पाठ असते हो. मला या प्रकाराची पहिल्यापासून चीड आहे. सकाळच्या उन्हात घराच्या पायरीवर बसून उकडलेली कणगां, ती रताळ्यासारखी कंदमुळं, खावीत, एवढीच थंडीची मजा मला कळते.

तर दोन वर्षांपूर्वी अशाच थंडीत माझ्या दादालाही उमाळा आला, आणि तोही बहिणींना फिरवायचा. दादा पणजीला सरकारी कचेरीत, राहतो पार्स्याला आमच्या माहेरच्या घरी. मी साखळीजवळ कारापूरला दिलेली, धाकटी पर्वरीला. बाबा गेल्यापासून दादाने चतुर्थी सोडून आम्हाला कधी बोलावलं नव्हतं, आणि चतुर्थीलाही गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीचं सामान येताना घेऊन या असं सांगायचा. तो दादा फोनवर म्हणाला, थंडी काय सुंदर पडलीय, रविवारी गाडी घेऊन येतो, तुम्हा दोघींना फिरवतो. मी फोन ठेवला आणि आमच्या ह्यांना म्हटलं, "दादाला भाट विकायचं आहे."

यात ज्योतिष काही नाही. पार्स्याला डोंगराच्या उताराला आमचं काजूचं भाट, म्हणजे बागायत, आहे, खालच्या अंगाला थोडे माड, मध्ये एक जुनी आवळी. मोपाला विमानतळ झाल्यापासून आमच्या पेडणे तालुक्यात दगडधोंड्यांनाही गिऱ्हाईक आहे, आणि दिल्लीचा कोणी तरी काळा चष्मा लावून आमचं भाट बघून गेला ही बातमी पार्स्याच्या बसने माझ्यापर्यंत केव्हाच आली होती. आता गोव्यात पोर्तुगिजांच्या वेळेपासूनचा कायदा असा की मुलीचा वाटा मुलाइतकाच, आणि लग्न झालं की नवऱ्याच्या वाट्यात बायको अर्धी, बायकोच्या वाट्यात नवरा अर्धा. म्हणजे सगळ्या भावंडांच्या आणि त्यांच्या नवऱ्याबायकांच्या सह्या झाल्याशिवाय एक माडही विकता येत नाही. गोव्यात भावाची बहिणीवरची माया कधी उफाळून येईल हे पंचांगात नाही, पण तलाठ्याला विचारलं तर तो बरोबर सांगेल.

मला भाट विकू द्यायचं नव्हतं. पण लगेच नाही म्हणायचं मी टाळलं. म्हटलं, फिरव बाबा, किती फिरवतोस ते बघू.

पहिल्या रविवारी आम्हाला मायेमच्या तळ्यावर नेलं. पायांनी हाणायच्या होडीत मला आणि दादाला शेजारी बसवलं. दादाचं पोट एवढं पुढे की त्याचे पाय पेडलला पोचेनात, होडी जागच्या जागी गरगर फिरायला लागली आणि दादा मला सांगतोय, लहानपणी आपण किती मजा करायचो. कुठली मजा? लहानपणी हा माझ्या वाटणीच्या काजूबिया भाजून खायचा. त्यानंतर गाडी हरवळ्याला. हरवळ्याचा धबधबा माझ्या घरापासून इतका जवळ की पाऊसकाळात त्याचा आवाज अंगणात येतो. तो मला दाखवायला हा माणूस पेडण्याहून आलेला. वर मलाच माहिती देतोय, हे पाणी कुठून येतं आणि बाजूच्या गुहा किती जुन्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसाही माझा, काखही माझी, वळसा फक्त दादाचा.

भुकेच्या वेळी दादाने गाडीतून डबे काढले. अळसाद्यांची उसळ, पोळ्या, लोणचं, वर केळीच्या पानात बांधलेलं गोड. वहिनीने पहाटे उठून केलेलं. वहिनी का नाही आली, असं धाकटीने विचारलं. दादा म्हणाला, तिला फिरायची आवड नाही, आणि भाटात पाणी लावायचं होतं. आम्ही बरं म्हटलं आणि उसळ संपवली.

वहिनी तेरेखोल नदीच्या पलीकडची, शिरोड्याकडची. लग्न होऊन आली आणि भाटात शिरली ती अजून बाहेर आलेली नाही. दादा कचेरीत पंख्याखाली. काजू गोळा करणं, बिया वाळवणं, खालच्या वाफ्यात अळसादे आणि तांबडी भाजी लावणं, दोन गायी, सगळं हिचं. पेडण्याच्या बाजारात तिची भाजी ओळखून घेणारी गिऱ्हाइकं आहेत. भाट विकून दादाला पर्वरीला फ्लॅट घ्यायचा होता, चौथ्या मजल्यावर. तिथे वहिनीने काय करायचं, तर गॅलरीत तुळस. हे मला धाकटीने सांगितलं, कारण फ्लॅट तिच्याच इमारतीत बघितलेला होता आणि तिची सही केव्हाच पिकून तयार होती.

दुसऱ्या रविवारी किनारा. केरीच्या डोंगरावरून थंडीत लोक त्या पतंगासारख्या छत्रीला लटकून खाली वाळूवर उतरतात. दादाच्या डोक्यात आलं की बायने, म्हणजे मी, एकदा उडून बघावं. मी पन्नाशी ओलांडलेली, गुडघ्यांना तेल लावून चालणारी बाई. पट्टे घेऊन एक माणूस माझ्याकडे यायला लागला तसं मी दादाला शांतपणे सांगितलं, मी वरून पडले तर माझ्या एका सहीच्या जागी दोन मुलगे आणि एक सून अशा तीन सह्या लागतील. तो ज्या चपळाईने त्या माणसाला परत पाठवायला धावला, तेवढी चपळाई मी त्याच्यात शाळेपासून बघितली नव्हती. मग वाळूत टाकलेल्या खुर्च्यांवर बसून आम्ही नुस्तें, म्हणजे मासळी, खाल्लं. नुस्त्याला हळद कमी आणि कौतुक जास्त होतं. दादा म्हणाला, आयुष्यात असे चार दिवस काढायला पाहिजेत, जमिनीला कवटाळून काय मिळतं. मी काटे काढत बसले. त्या दिवशीही निघताना त्याच्या घरून आमच्यासाठी सोलांची, म्हणजे आमसुलांची, पुडी आली होती, आणि वहिनी नव्हती.

तिसऱ्या रविवारी आवळीभोजन ठरलं. कार्तिकात आवळीच्या झाडाची पूजा करून तिच्या सावलीत रांधायचं आणि जेवायचं, अशी आमची रीत. कार्तिक केव्हाच संपला होता, पण आजकाल तिथीपेक्षा सुट्टी मोठी. आणि जागा कोणती निवडावी दादाने? तेच भाट. जे विकायचं त्याच भाटात बसवून, त्यातल्याच आवळीखाली पोटभर जेवू घालून सह्या मागायच्या. हात जोडले बाबा, इतका निगरगट्टपणा शिकून येत नाही, रक्तातच असावा लागतो.

आम्ही नवऱ्यांसह पोचलो तेव्हा तीन दगडांच्या चुली पेटलेल्या होत्या. दादाने सगळ्यांसाठी पिवळे टी-शर्ट छापून आणले होते, पाठीवर एक आवळा आणि आमच्या घराण्याचं नाव. वहिनीसाठी नव्हता, कारण ती साडीवर कुठे घालणार. धाकटी आणि तिचा नवरा ते घालून आवळीला मिठी मारून फोटो काढत होते. वहिनी धुरात मिसळीच्या भाज्यांचं खतखतें ढवळत होती. मी मदतीला गेले तर तिने मला पत्रावळी पुसायला दिल्या आणि म्हणाली, बाय, तू पावणी. खरं तर भाटात मी पाहुणी आणि दादाही पाहुणाच, हे मला तेव्हा धुरात उभी राहून पटलं. नाही म्हणायचं भाषण मी घरून घोकून आणलं होतं. त्यात बाबांचा घाम होता, पूर्वजांची माती होती, सगळं झणझणीत. दादाचा चेहरा कसा पडेल ते बघायची मला घाई झाली होती.

पूजा झाली. पंगत बसली. शीत, वरण, मोडाच्या मुगांची मुगांगाठी आणि खतखतें पानात पडलं, आणि दादाने घसा खाकरला. म्हणाला, बाबांची आठवण मनात असते, ती जमिनीत नसते. गिऱ्हाईक चांगलं आहे, तुम्हा दोघींना वाटा मिळेल, तुम्ही दोघी आणि जावई हो म्हणालात की झालं. धाकटी लगेच म्हणाली, आमचं हो. तिचा नवरा खतखत्यातली शेंग चोखत होता, त्याने मान हलवली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पदर सावरला.

पण माझ्या आधी वहिनी बोलली. हातात पळी, नजर पानांवर, आवाज रोजचाच. "आणि माझी सही?"

दादा हसला. म्हणाला, तुझी म्हणजे माझीच की गो.

"नाय. माझी माझ्याकडे असा. मी देवची नाय."

दादा म्हणाला, चारचौघांत काय हे, मी तुला परकी समजतो काय.

"परक्यांक इचारूक लागता," वहिनी म्हणाली. "माका इचारूक लागना नाय."

एवढं बोलून ती धाकटीच्या पानात भात वाढायला लागली. दादाने कायदा काढला, मग प्रेम काढलं, मग फ्लॅटला लिफ्ट आहे हे काढलं. कचेरीत दिवसभर लोकांच्या अर्जांवर सही कुठे राहिली ते शोधणारा हा माणूस, त्याने बहिणी मोजल्या, जावई मोजले, आणि बायकोची सही आपल्या खिशातलीच धरली. शेवटी त्याने विचारलं, पण कारण काय ते तरी सांग.

वहिनीने पळी टोपात ठेवली. "माझ्या म्हायारात मी अशीच सही दिलंय. भावांनी थंडीतच बोलावल्यानी होता. वेंगुर्ल्याक फिराक नेल्यानी, साडी घेतल्यानी, कोंबडीवडे घातल्यानी. हक्कसोड झाला आणि बोलावणा थांबला. आता थय गेलंय तर चाय पिऊन परत येतंय. ह्या भाट सोडून माका जाऊक जागा नाय."

आम्ही त्या घरी चतुर्थीला येतो, जेवतो, नारळ घेऊन जातो. वहिनीचं माहेर नदीपलीकडे, एवढंच आम्हाला माहीत होतं. तिथे ती चहा पिऊन परत येते हे कोणाला ठाऊक नव्हतं, दादालाही नव्हतं, त्याच्या तोंडावरून कळत होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. माझं ते झणझणीत भाषण मी वरणाबरोबर गिळलं. मला भाट हवं होतं ते दादाला नाही म्हणायच्या गमतीपुरतं. मी एवढंच म्हटलं, वहिनी देत नसेल तर माझीही नाही. आमचे हे म्हणाले, माझीही नाही, आणि आणखी खतखतें मागितलं.

दादा पुढे महिनाभर कोणाशी बोलला नाही. दिल्लीवाल्याने शेजारच्या गावात दुसरा डोंगर घेतला. धाकटी अधूनमधून मला फोन करून कुरकुरते, आणि एकदा कुरकुरता कुरकुरता मध्येच थांबून म्हणाली, सही दिली असती तर दादाने पुढच्या थंडीत आपल्याला बोलावलं असतं काय गो? मी म्हटलं, तूच सांग.

पुढच्या थंडीत दादाचा फोन आला नाहीच. ना तळं, ना धबधबा, ना ती छत्री. फोन आला तो वहिनीचा. तिने आयुष्यात पहिल्यांदा मला आपणहून फोन केला होता, म्हणून मी घाबरून विचारलं, काय झालं.

"काय होऊक नाय," ती म्हणाली. "आयतवारी आवळीभोजन असा. सगळी येवा. रांधूचा तुमी, मी बसतलंय."