कुत्र्यासाठी आडवी केलेली कणगी

कुत्रा माझा नव्हता, माझ्या बायकोचा होता. पिलू असताना तिनेच त्याला हातखंब्याहून पिशवीत घालून आणला आणि वाढवला. मी त्याच्याशी एकच शब्द बोलायचो, ‘हाड’. पडवीत आला की हाड, पानाजवळ आला की हाड.

ती दिवाळीनंतर गेली. त्यावर कुत्रा मागच्या दारी तिच्या धुण्याच्या दगडाशी पडून राहायला लागला. मी भात घालायचो, पण मी आत गेल्याशिवाय तो तोंड लावायचा नाही. मुलगा कार्य उरकून मुंबईला परत गेला. वाडीत वीज आली होती, टीव्ही अजून यायचा होता. संध्याकाळी दिवा लावायचा आणि त्याच्याखाली गप्प बसायचं. घरात जीव दोन, त्यातला एक माझ्याकडे पाठ करून.

सव्वीस जानेवारीला रत्नागिरीत होतो. मैदानावर पोलिसांच्या कुत्र्यांचं काम चाललं होतं. दांडीवरून उडी, चाकातून उडी, फळीवरून चालणं, पिंपातून सरपटणं. मला त्याचं एवढं नवल वाटलं नाही. पण सगळं झाल्यावर कुत्रा आपला आपण जाऊन शिपायाच्या पायाला टेकून बसला, ते बघून मी गर्दीतून वाट काढत पुढे गेलो.

त्या शिपायाला विचारलं, ‘‘हे शिकवायला काय लागतं?’’

‘‘सामान लागतं, आजोबा. आणि कुत्रा जातीचा लागतो. गावठीच्या नादाला लागू नका.’’

शाळा माझी दुसरीपर्यंत. पण कोणी ‘तुम्हाला जमायचं नाही’ म्हटलं, की मला ते करावंच लागतं.

विकत काही आणलं नाही. कुंपणाच्या गडग्याचे चिरे रचून दोन खांब केले, त्यावर चिव्याच्या बांबूची काठी. गोठ्याच्या दाराची फळी दोन चिऱ्यांवर टाकली. हातखंब्याच्या पंक्चरवाल्याने ट्रकचा फाटका टायर फुकट दिला. एस.टी.चा कंडक्टर तो आत घेईना. मी म्हटलं, नको घेऊ. टायर ढकलत डांबरी रस्त्याने घरी आलो. मुलं टायर खेळवतात तसा मी, पासष्ट वर्षांचा. सुंभाने तो फणसाला टांगला.

पिंपाच्या जागी भात साठवायची, बांबूच्या कामट्यांची कणगी घेतली. शेत अर्ध्या वाट्याने दिलं होतं, कणगी भरायचं कारण उरलं नव्हतं. तिने दरवर्षी शेणाने सारवलेली, वर तिची बोटं उमटलेली. बूड कापायला कोयता उचलला तेव्हा हात थांबला. मग घातलाच, आणि कणगी अंगणात आडवी केली.

पंधरा दिवस झाले, कुत्रा कशाकडे फिरकला नाही. फळीच्या टोकाला बांगड्याचं डोकं ठेवलं, तर वळसा घालून गेला आणि तेवढं उचलून पळाला. शेजारच्या घरातली माझी चुलत भावजय गडग्यावरून हसली.

‘‘काय भावजी, सर्कस काढताव?’’

‘‘पोलिसांचं काम शिकवतोय.’’

‘‘त्याला हाक तरी मारा. अक्का कशी यू-यू करायची. तुमी नुसते हवालदारासारखे उभे.’’

‘‘बापयमाणसाने यू-यू करत बसायचं?’’

‘‘मग बसा दोघं दोन दारी,’’ म्हणाली आणि घरात गेली.

मला राग आला. म्हटलं, हाक मारणार नाही, त्याला स्वतः करून दाखवतो. भरदुपारी कणगीत शिरलो, कोपरांवर. अर्ध्यात गेलो आणि अडकलो. कापलेल्या कामट्यांची टोकं आत वळली होती, ती बंडीत रुतली. पुढे सरकेना, मागे येता येईना. ओरडलो असतो तर वाडी गोळा झाली असती. मी ओरडलो नाही. आत तिच्या शेणामातीचा आणि जुन्या भाताचा वास होता. तिथे पडल्यापडल्या रडलो, एवढं आता लिहायला हरकत नाही.

मग तोंडातून निघालं, ‘‘यू... यू...’’ अशी हाक कधी मारलीच नव्हती, आवाज फाटकाच आला.

बऱ्याच वेळाने समोरच्या तोंडाशी अंधारलं. कुत्रा. त्याने कणगी हुंगली, मला हुंगलं आणि पोटावर सरपटत आत आला. माझ्या मनगटावर हनुवटी ठेवून पडला. माझ्या हाकेला आला की तिच्या वासाला, मला ठाऊक नाही. बंडी फाडून मी उलटा बाहेर निघालो, तो माझ्यामागून निघाला. म्हणजे कणगी पार केली त्याने. फळी, टायर कधीच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुढच्या दारी उभा राहून मी मोठ्याने यू-यू केलं. पलीकडे भावजयीचा खराटा थांबला. ऐकू दे म्हटलं. तिसऱ्या हाकेला कुत्रा घराला वळसा घालून आला आणि हातभर लांब बसला. त्यानंतर पाच वर्षं जगला. हाकेला यायचा, पण बसायचा तो हातभर लांबच.