राजपुत्राची घरवापसी

पलूसचा हुसेन पिंजारी दारोदार कापूस पिंजायचा आणि घरी राक्षस-जादूची कादंबरी लिहायचा. कथानक मात्र लोकांच्या ओसरीवर जुळायचं. पिंजता पिंजता सांगायचा, ऐकणाऱ्याचं तोंड बघून बदलायचा.

त्याचा राजपुत्र राक्षसाच्या गुहेत मरायचा. त्याचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या राहीबाईला ते खपलं नाही. तिचा पोरगा ज्ञानू तवा पलटणीतून ब्रह्मदेशात लढत होता.

"मुडद्या, लेखणी तुझ्याच हातात हाय न्हवं? मग मारतोस कशाला? घरी आण त्येला."

"आवं मावशी, त्यो जगला तर गोष्ट मरती."

"मग माझ्या दारात पाऊल ठिवू नगंस."

गिऱ्हाईक तुटेल म्हणून हुसेननं राजपुत्र हसतखेळत घरी आणला. गोष्ट पार पिचपिचीत झाली आणि तिथंच अडली.

लढाई संपली आणि ज्ञानूही आला. हातपाय धड होते, पर दिवसभर गोठ्यात भिंतीकडं तोंड करून बसायचा. आईला म्हणायचा, "कोण तुमी?"

दिवाळीच्या तोंडाला राहीबाईनंच हुसेनला हाक मारली.

"तुझा राजपुत्र येऊ दे घरी. पर त्येला आईची वळख पटू देऊ नगंस."

अडलेली गोष्ट तिथंच सुटली. हुसेनला लय आनंद झाला, आणि तो लपवायला त्यानं मान खाली घातली. राहीबाईला दिसायचं ते दिसलंच.

"हस की रं," ती म्हणाली. "तुझं तरी काम झालं."