बॅटरीचे शंभर तास

फिजिक्सची पदवी मी दुसऱ्या प्रयत्नात मिळवली आणि मग नोकरी केली विम्याच्या ऑफिसात. तरी घरात वीज गेली की "थांबा, मी बघतो" म्हणत पुढे होणारा मीच. बायको तेवढ्यात मेणबत्ती शोधून ठेवते.

आईची फुप्फुसं थकली तेव्हापासून आमच्या मुलुंडच्या घरात ऑक्सिजनचं मशीन सतत चालू असतं. हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीने तिच्या नाकापर्यंत पोचवतं. वीज गेली तर इन्व्हर्टर, आणि त्याचाही भरवसा नको म्हणून भाड्याचा सिलिंडर. हा सिलिंडर पलंगाशेजारी उभा असायचा आणि माझ्या पायाच्या करंगळीवर त्याचा फार जीव होता.

एक दिवस सोसायटीत नोटीस लागली. केबल बदलायची आहे, उद्या दिवसभर वीज बंद. त्याच संध्याकाळी सिलिंडरवाल्याचा फोन आला. "काका, एका पेशंटला अर्जंट पाहिजे, माझ्याकडे एकपण शिल्लक नाही. तुमचा पडूनच असतो ना? देताय का?"

मी म्हटलं, पाच मिनिटं दे. कागद घेतला. मशीनवर लिहिलं होतं तीनशे पन्नास वॅट, दोनशे तीस व्होल्ट. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट; म्हणून वॅटला व्होल्टने भागलं. करंट आला दीड अँपिअर. मग उत्साहात रेझिस्टन्सही काढला, व्होल्ट भागिले अँपिअर, एकशे त्रेपन्न ओहम. तो कुणालाही नको होता. बॅटरी दीडशे अँपिअर-अवरची, म्हणजे दीड अँपिअर खेचला तर शंभर तास!

"शंभर तास?" बायको म्हणाली. "अहो, मागच्या वेळी नुसता पंखा आणि टीव्ही चालला तर रात्रीपर्यंत बॅटरी बोंबलली."

"तेव्हा हिशोब कुणी केला होता?" मी म्हटलं, आणि सिलिंडर देऊन टाकला. वर दोन घरांत शंभर तासांची गोष्टही सांगून आलो.

सकाळी वीज गेली. मशीन इन्व्हर्टरवर मजेत चालत होतं. मी पेपर वाचत बसलो. जेवायच्या आधीच इन्व्हर्टर पीं पीं करायला लागला.

"ह्या काय वाजता रे?" आईने विचारलं. तिला सिंधुदुर्गातून इथे येऊन जन्म लोटला, पण तिने मालवणी सोडली नाही.

"काय नाय गे आये, चेक करतंय."

इन्व्हर्टरला झापायला म्हणून मी वाकलो आणि बॅटरीच्या पोटावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसलं: बारा व्होल्ट.

बारा. मी भागलं होतं दोनशे तीसने. इन्व्हर्टर व्होल्ट वाढवतो, पण वॅट काही फुकट देत नाही. बॅटरीच्या बाजूने तीनशे पन्नास भागिले बारा, म्हणजे जवळजवळ तीस अँपिअर. दीडशे भागिले तीस, पाच तास. तेही बॅटरी नवी असती तर. आमची बॅटरी माझ्यासारखीच, वर लिहिलंय तेवढी उरलेली नव्हती.

"वाट लागली," मी म्हटलं.

बायकोने एवढंच विचारलं, "किती वेळ आहे?" आणि मला पहिल्यांदाच आकडा सांगता आला नाही.

सिलिंडरवाल्याला फोन केला. "काका, तो कालच गेला. दुसरा दुपारनंतर बघतो." खिडकीतून समोरच्या इमारतीच्या एसीचं पाणी टपकताना दिसलं. म्हणजे तिकडे वीज होती. बायको धावत जाऊन तिथल्या तळमजल्यावरच्या बाईंना विचारून आली. दोन वॉचमन आले, आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, आणि लिफ्ट बंद म्हणून जिन्याने निघालो. मशीन मी उचललं. नळी काढली तेव्हा आई माझ्याकडे बघत होती.

चौथ्या मजल्यावरून दुसऱ्यापर्यंत ती बोलत होती. "सावकाश रे पोरांनो, भांडीकुंडी न्हय मी." दुसऱ्यानंतर बोलायची थांबली. ओठ निळसर झाले. रस्ता ओलांडताना बायको रिक्षांना हात करून थांबवत होती आणि मी मागून "झालं, आलोच" असं ओरडत होतो, कुणासाठी ते ठाऊक नाही.

समोरच्या बाईंनी काही न विचारता सोफा रिकामा केला, प्लग दाखवला. मशीन घुरघुरलं. नळी लावली. बोटाला लावायच्या क्लिपवरचा ऑक्सिजनचा आकडा मी बघत राहिलो. तो चढायला फार वेळ लावत होता. शेवटी चढला.

बायको खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

आईने डोळे उघडले. "चुकलंस?"

"चुकलो."

"शंभर तास सांगलंस, मी म्हटलंय, बरा झाला." थोडा श्वास घेऊन ती पुढे म्हणाली, "ह्या मशिनाशिवाय मी किती येळ काढतलंय, त्याचो हिशोब केलंस काय?"

"नाय गे आये."

मी खोटं बोललो. हिशोब जिन्यातच झाला होता: दोन मजले. तिलाही ते माहीत होतं. तिने डोळे मिटले. येता-जाता वायरीत कुणाचा पाय अडकून प्लग निघू नये, म्हणून मी बोर्डाखाली फरशीवर बसलो.