चढ न चढणारे मामा

आमची राजधानी वाटीसारखी आहे. तळाला नदी, बाजार आणि सरकारी कचेऱ्या, सभोवती टेकड्या. इथे कुठेही जायचं म्हणजे धापा टाकायच्या. आमच्या मामांनी मात्र तरुणपणीच ठरवून टाकलं की चढ चढायचाच नाही. घर टेकडीच्या माथ्यावर, चष्म्याचं दुकान नदीकाठी. सकाळी ऐटीत चालत उतरायचं, संध्याकाळी बसने वर यायचं. खिडकीतून चढ चढणाऱ्यांकडे पाहत ते म्हणत, "काय ही हौस!"

अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीने नवरा निवडला, तो समोरच्या टेकडीवरचा. तिथे बस जात नाही, नुसत्या पायऱ्या. नातू रांगायला लागला तरी मामांनी तिच्या घराचं तोंड पाहिलं नव्हतं. शेवटी तिने फोनवर सुनावलं, "बाबा, या रविवारी आला नाहीत, तर मीही तिकडे येणार नाही. नातवालाही पाठवणार नाही."

मग मामांनी तोडगा काढला. लेकीच्या टेकडीला मागची उंच टेकडी चिकटलेली दुकानातून रोज दिसायची, आणि तिच्यावर बस जायची. तिथून निघायचं, की उतरत थेट लेकीच्या परसात!

"अहो, पायऱ्यांनी चला गुमान," मामी म्हणाली.

"तुला या शहराचा भूगोल कळत नाही."

रविवारी मामी पायऱ्यांनी गेली. फळांची पिशवी घेऊन मी मामांबरोबर. उतार संपत आल्यावर कळलं की खालून चिकटलेल्या दिसणाऱ्या टेकड्यांमध्ये चांगली खोल घळ आहे. जन्मभर लोकांची नजर तपासणारा माणूस घळीच्या तळाशी उभा! मागे चढ, पुढे चढ. फक्त घळीतल्या ओढ्याकाठची वाट तेवढी हळूहळू उतरत बाजारात जात होती.

वर परसात मामी चहा पीत होती. "पोचलात का हो?"

"जवळजवळ!"

लेक परसाच्या टोकाशी आली. कडेवर पोर. "बाबा, ओढ्याची वाट सोपी आहे. जायचं तर जा."

मामांनी त्या वाटेकडे जुन्या मित्राकडे पाहावं तसं पाहिलं. मग पँट दुमडली आणि चढाला हात घातला. रांगायच्या वयातला नातू कडेवर, आणि आजोबा चार पायांवर.

"डावीकडे काटे आहेत!" मामी ओरडली. मग लेकीला म्हणाली, "बघ, सांगितलं की तिकडेच!"

वर पोचल्यावर मामा परसातच आडवे झाले. त्यांना बोलता येत नाही, असा मामीच्या संसारातला हा पहिलाच प्रसंग. लेक त्यांच्या सदऱ्यातले काटे काढत करवादत होती, "इथून शेळीसुद्धा येत नाही, बाबा!"

श्वास परतल्यावर मामा म्हणाले, "तुझ्यासाठी आलो. जावयासाठी यायचं असतं, तर ओढ्याने गेलो असतो."

लेकीला हसू फुटलं. डोळे पुसून तिने पोर त्यांच्या पोटावर ठेवलं. "धरा. आणि हलू नका."

"हलतोय कोण?" मामा म्हणाले.