शिवराममामांची साबणाची वडी

माझ्या नावापुढे बी.ए. लागले ते शिवराममामांमुळे, आणि मामांच्या दंडावर बढतीची फीत उशिरा लागली ती माझ्यामुळे.

मामा जालन्याच्या छावणीत शिपाई होते. फीत मिळाली की बायकोला आणायला खोली मिळणार होती. मामी लग्नापासून धावड्याला वाट पाहत होती. मामांच्याच पैशांवर कॉलेजसाठी तीर्थपुरीहून हैदराबादेला जाताना मी मामांकडे मुक्कामाला उतरलो, तो नेमका फीत ठरवणाऱ्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी.

बराकीत प्रत्येक खाटेवर कडक घडीची घोंगडी, लखलखीत ताट, कंगवा आणि साबण दोरी धरल्यासारखे मांडलेले. आणि पलटण झोपायला खाटांखाली! मी कारण विचारले. मांडलेली खाट मोडायची नाही, असे मामांनी बजावले. मीही आज्ञाधारकपणे जमिनीवर झोपलो.

सकाळी मामा कवायतीला गेले आणि मी साबण घेऊन विहिरीवर. (साबण म्हणजे काही खाट नव्हे.) आयुष्यातली पहिली साबणाची आंघोळ! फेस इतका सुरेख, की धोतर, टोपी आणि पिशवीही धुतली. उरला तो चिंचोक्याएवढा तुकडा.

मामा परतले आणि तो तुकडा बघून खालीच बसले.

"अरं, हा साबण अंगाला लावायचा नसतो."

"मंग कशाला असतो, मामा?"

"साहेबाला दाखवायला. भरती झालो तवापासून हाच दाखवून राह्यलो."

आता माझे शिक्षण कामी आले. लंगरखान्यातून पिवळाधमक गूळ आणला, चाकूने कोपरे काढले, वर खिळ्याने अक्षरेही कोरली. बराकीने माझ्या हुशारीचे कौतुक केले. फक्त मुंग्यांना कुणी विश्वासात घेतले नव्हते.

कप्तानसाहेब पोचले तेव्हा साबणापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती, आणि ती पलटणीपेक्षा सरळ होती. साहेब वाकले.

"ये क्या है?"

मामांना खोटे बोलता येत नसे. "गुड है, हुजूर."

"क्यूँ?"

मामांनी दाराआडच्या माझ्याकडे बोट दाखवले. "भानजा है, हुजूर. बी.ए. होने हैदराबाद जारा."

साहेबांनी मला नीट न्याहाळले, मान हलवली आणि मामांच्या खांद्यावर सहानुभूतीने हात ठेवला. फीत पुढच्या तपासणीवर गेली. मामीही.

हैदराबादेला पोचताच मी पहिले पत्र लिहिले:

"तीर्थस्वरूप मामांस साष्टांग नमस्कार. पुढच्या तपासणीसाठी नवी वडी पाठवत आहे. या वेळी फसगत नको, म्हणून फेस येतो की नाही ते स्वतः आंघोळ करून पाहिले. उत्तम येतो."