पिकअपचे ब्रेक पाइप आणि वरच्या वस्तीचं दूध

२ डिसेंबर. पिकअपच्या ब्रेकचे रबरी पाइप शोधून आणणे आणि दिवस मावळायच्या आत बसवणे.

आदल्या दिवशी वरच्या वस्तीवरून दुधाचे कॅन घेऊन उतरताना ब्रेकचं पेडल एकदम खाली गेलं. हँडब्रेक ओढला, गिअर पाडला, तरी गाडी थांबेना. शेवटी ती डाव्या बाजूच्या मातीच्या बांधात घातली. मला काही झालं नाही. दूध सांडलं. गाडी ट्रॅक्टरनं ओढून घरी आणली. वाकून पाहिलं तर पुढच्या चाकाकडे जाणारा पाइप फाटला होता, आणि उरलेल्या पाइपांना टाचेला पडतात तशा भेगा.

गाडी नवऱ्याची. तो गेला, गाडी राहिली. कंपनीनं हे मॉडेल कधीच बंद केलंय. वस्त्यांवरचं दूध गोळा करून फाट्यावरच्या खव्याच्या भट्टीला घालायचं, यावर मी आणि सासरे जगतो. हल्ली नवा टेंपो घेतलेला एक माणूस त्याच वस्त्यांवर घिरट्या घालत होता. एक दिवस मी गेले नाही तर बायका समजून घेतात. दुसऱ्या दिवशी दूध टेंपोत जातं, आणि एकदा तिकडं गेलेलं परत येत नाही.

सकाळीच वस्तीवरच्या एकीचा फोन आला.

“काकू, आजचं दूध घरीच आटवलं. उद्या काय करू? म्हशीला सांगता येत न्हाय, पान्हा आवर म्हणून.”

“उद्या येते.”

“या बया. टेंपोवाला दारात उभा ऱ्हातोय, जावयासारखा.”

फाटका पाइप पिशवीत टाकला आणि एसटीनं भूमला गेले. पहिल्या दुकानदारानं विचारलं, “ही गाडी अजून चालतीय?” दुसरा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा पाइप कापून, टोकं दाबून द्यायला तयार होता. ट्रॉली उचलणं वेगळं, उतारावर भरली गाडी धरणं वेगळं. नको म्हटलं. त्यानंच तुळजापूरच्या एका दुकानाचा पत्ता सांगितला. तिथं पोचेपर्यंत दुपार झाली होती.

दुकानात पुढं कवड्यांच्या माळा, कुंकू, परड्या. मला वाटलं, चुकले.

“ताई, माळ देऊ का परडी?” दुकानदार म्हणाला.

मी फाटका पाइप त्याच्या कुंकवाच्या ढिगाशेजारी ठेवला. तो हसला, आत बायकोला कानडीत काहीतरी ओरडून सांगितलं. “वडिलांचा माल हाय आत. त्यांचं स्पेअरचं दुकान होतं. देवीचा माल खपतोय, ह्यो न्हाय.”

धुळीच्या खोक्यातून बंद पाकिटं निघाली. जुन्याशेजारी नवा धरून लांबी पाहिली, आटे जुळवले, रबर वाकवून उजेडात तपासलं. भेग नव्हती. ब्रेक ऑइलची एकच बाटली होती, तीही घेतली. देवळात गेले नाही. परतीची गाडी लागली होती.

घरी आल्याबरोबर चाकांना दगड लावले, जॅक चढवला, पोतं टाकून खाली शिरले. गंजलेले नट डिझेल सोडून, पान्यावर हातोडी मारून सोडवले. बोटं सोलली. पाइप बसले.

पाइप बदलले की आत हवा शिरते. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचा नट सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे, आणि मधेमधे वरच्या डबीत ऑइल घालत राहायचं. सासऱ्यांना, म्हणजे मामांना, पेडलवर बसवलं.

“मामा, डबीवर ध्यान ठेवा. तळ दिसू देऊ नका.”

“व्हय. झोपलोय काय मी?”

“दाबा. धरा.”

“धरलंय की. किती येळ धरू? पाय हाय का दगड?”

पेडल कडक होत चाललं. दिवसभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं. शेवटच्या चाकाचा नट सोडला, तर बोटावर आलेला थेंब वेगळाच चिकट लागला. नाकाशी नेला. फोडणीचा वास.

बाहेर आले. बॉनेटजवळ स्वयंपाकघरातली करडईच्या तेलाची बाटली होती, झाकण घट्ट लावलेली. ब्रेक ऑइलची बाटली रिकामी.

“संपलं तुझं ते,” मामा म्हणाले. “तळ दिसाया लागला. मग घातलं. बैलगाडीच्या आसाला जन्मभर हेच घालतोय. कधी कुरकुरली न्हाय.”

“मामा, तुमची गाडी तेलावर थांबत न्हाय. बैल थांबतात.”

ते पेडल दाबत बसले. “लागतोय की ब्रेक.”

लागत होता, हेच वाईट होतं. असल्या तेलानं आतली रबरं फुगतात. ब्रेक एकदा लागला की सुटत नाही, किंवा ऐनवेळी लागतच नाही. उद्या की परवा, कुणी सांगावं? नवे पाइपही वाया गेले असतील. ऑइल आता जवळपास कुठं मिळणार नाही. मी मातीत बसले. एकदाच जाऊन येऊ, हा विचार सारखा मनात येत होता. उतार लहान आहे, सावकाश नेऊ. सकाळी हा विचार मला आवरणार नाही, हे कळत होतं. म्हणून उठले, घमेलं घेतलं, सगळे नट सोडले आणि मामांना पेडल मारायला लावून शेवटच्या थेंबापर्यंत तेल काढून टाकलं. आता गाडी नेताच येणार नव्हती. रात्री मामा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर त्यांनी बैल जुंपले होते. आस कोरडा होता. उरलेलं करडईचं तेल मी त्यात ओतलं, रिकामे कॅन चढवले आणि निघालो.

टेंपो येऊन गेला होता. बऱ्याच दारांतून बायकांनी नुसतं पाहिलं. फोनवाली मात्र कॅन घेऊन उभी होती.

“काकू, बैलं? टेंपोवाला हसून मरंल.”

“मरू दे. कॅन आण.”

आणखी काही घरांनी दूध ठेवलं होतं. निम्मी गाडीही भरली नाही. उतार लागला तशी मी खाली उतरले, मोठा दगड उचलला आणि चाकाशेजारून चालत राहिले, गाडी घसरलीच तर पुढं टाकता यावा म्हणून.