बापूचं चौथं बोट

माझ्या भावाच्या फोटोखाली वय चुकलं आहे. चूक माझी आहे.

नातवाने कागदपत्रं पाहून लिहिलं, त्र्याऐंशी. त्याचा दोष नाही.
बापू आज गेला तो चौऱ्याऐंशीचा होऊन.

मला लिहिता येत नाही. मी सांगते, नात टाईप करते. मधेच डोळे वटारते, पण करते.

वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपूरहून चालायचा. खामगावजवळच्या माळावर दरसाल मानाची रेस व्हायची. कुण्या गोऱ्या साहेबाने त्याच्या विलायतेतली पाहून सुरू केलेली.
फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची. म्हणजे घोड्याला जन्मात एकच चान्स.

आमच्या घोडीचा तो हुकला. त्या साली ती लंगडत होती.
बाबांनी तिला पुढच्या साली उतरवली.

रेसआधी, घोड्यांना नाल ठोकणारे रहीमचाचा दात पाहून घोड्याचं वय सांगायचे. त्यांचा शब्द शेवटचा.

"पाटील, पक्के दात चार हायेत. तीनच्या घोडीले दोनच असतात."

"लवकर आले असतीन, चाचा. घोडी अन् माहा बापू एकाच आठवड्यातले. पोरीले इचारा."

मी नऊ वर्षांची. बापू माझ्या कडेवर.

"बेटी, भाऊ किती वर्साचा हाय?"

मी बोलायच्या आत बापूने चार बोटं दाखवली. मीच शिकवली होती.
मी त्यातलं एक मिटलं. म्हटलं, "तीन."

चाचांनी ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.
"लेकरू म्हणते तं तीनच असन."

घोडी जिंकली. जिंकणारच.
तो कप अजून कपाटात आहे. त्यात माझ्या बीपीच्या गोळ्या असतात.

घोडीची धाव पाहून गाव म्हणालं, चाचाचे डोळे गेले. पुढच्या साली दात पाहायला दुसरा माणूस आला.

खोटं उघडं पडू नये म्हणून बाबांनी शाळेतही बापूचं वय एक वर्ष कमी लावलं. रिटायरही तो वर्षभर उशिरा झाला.
म्हणायचा, "ताई, माहे केस वयाच्या मानानं लवकरच पिकले न."
मी हसायची. खरं कधी सांगितलं नाही.
नातवंडांना मात्र त्या रेसचा इतिहास रंगवून रंगवून सांगितला.

चाचा, तुमची नजर शाबूत होती. हे तुम्ही हयात होतात तेव्हाच मी चार लोकांत सांगायला पाहिजे होतं.

आज न्यायच्या आधी बापूचा हात हातात घेतला. बोटं मिटलेली होती.
चारही उघडली.

जा बापू. आपलं पुरं वय घेऊन जा.